घरगुती आवाज

संचालक आमच्या घरी पहिल्यांदा आले ते आमचे हे गेल्यावर. जिवंत माणसाकडे यायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. हातात फुलांचा भला मोठा गुच्छ, मागे संस्थेतला कॅमेरेवाला, आणि दोघांच्या पुढे, घर जणू आपल्याच मालकीचं असल्याच्या थाटात, माझे दीर. मी शिलाई मशीनवर बसले होते. शाळेच्या गणवेशांच्या बाह्या लावायच्या राहिल्या होत्या आणि मला पाहुणे नको होते.

"वहिनी, संचालकसाहेब आलेत," दीर म्हणाले.

"दिसतंय," मी म्हणाले.

गुच्छ ठेवायला संचालकांनी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या दोन खोल्यांत कापडाचे गठ्ठे सोडून जागा कुठली? त्यांनी तो ह्यांच्या खुर्चीवर ठेवला. मी उठले, गुच्छ उचलला आणि न्हाणीघरातल्या बादलीत नेऊन उभा केला. दिरांनी डोळे वटारले. वटारू देत.

मग संचालक बोलायला लागले. सर म्हणजे संस्थेचं भूषण होते. सरांच्या ऑनलाइन धड्यांनी कितीतरी लोकांना तंत्रज्ञानाची वाट दाखवली. सरांचं उचित स्मारक व्हायला हवं. मी मान खाली घालून बाह्या लावत होते आणि मनात म्हणत होते, बोला, बोला. ह्याच भूषणाला तुम्ही वर्गातून उचलून बाहेर ठेवलं होतं, ते विसरले असाल तुम्ही. मी विसरलेले नाही.

आमचे हे आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तारा जोडायच्या, बिघाड शोधायचे, हे काम. एक दिवस तिथे नवी यंत्रं आली आणि माणसं घरी आली. ह्यांचे केस तेव्हा पिकायला लागले होते. शेजारी म्हणाले, दुकान टाका. दीर म्हणाले, जागांची दलाली करा. ह्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देणं ह्यांच्या स्वभावातच नव्हतं. कुठूनसा एक जुना संगणक उचलून आणला आणि त्याच्यासमोर ठाण मांडलं. दुकानात माल किती उरला, वर्कशॉपमध्ये कुठली गाडी दुरुस्त होऊन उभी आहे, असल्या साध्या कामांचे प्रोग्राम लिहायला हे एकटे शिकले. कुणी शिकवलं असतं तर लवकर शिकले असते. पण शिकवणारे सगळे घोड्यावर बसलेले. 'हे तर सोपंच आहे' म्हणायचे आणि पुढे पळायचे. ह्यांना ते कधीच सोपं गेलं नाही. दर पायरीला ठेच लागायची, आणि लागलेली प्रत्येक ठेच हे लक्षात ठेवायचे.

पुढे संस्थेत शिकवायची नोकरी मिळाली. थोडे दिवस गेले आणि संचालकांनी बोलावून सांगितलं, तुम्ही फार सावकाश शिकवता, मुलं कंटाळतात. वर्ग काढून घेतला. नोकरीवरून काढलं असतं तर बभ्रा झाला असता, म्हणून सांगितलं, तुम्ही धडे रेकॉर्ड करा, आम्ही इंटरनेटवर टाकू. संस्थेत रेकॉर्डिंगची एक गारेगार खोली होती, भिंतींना स्पंज लावलेली. ती चुरूचुरू बोलणाऱ्या तरण्याताठ्या शिक्षकांसाठी होती. ह्यांना सांगितलं, तुमचं तुम्ही घरूनच करा. मोडकी खुर्ची माळ्यावर टाकतात तसं टाकलं हो माझ्या नवऱ्याला. आणि तिथूनच ह्यांचं नाव झालं, ते संचालकांच्या नाकावर टिच्चून.

नाव म्हणजे टोपणनाव. शिकणारी माणसं ह्यांना 'थांबा सर' म्हणत. प्रोग्रामची ओळ लिहून झाली की सगळ्यांना बटण दाबायची घाई असते. हे म्हणायचे, "थांबा. काय लिहिलंय ते आधी वाचा." दर धड्यात हे दहा वेळा. मुलं संसाराला लागल्यावर पुन्हा काम शोधणाऱ्या बायका, कारखाना बंद पडून घरी बसलेले फिटर, इमारतीच्या फाटकावर बसून फोनवर शिकणारे वॉचमन, असली सगळी माणसं ह्यांच्या मागे लागली. त्यांना घोड्यावरचे शिक्षक झेपले नव्हते.

आणि दुसरं म्हणजे, हे चुका कापत नसत. बाकीचे शिक्षक अडखळले की तेवढा भाग काढून टाकतात आणि पडद्यावर पहिल्या फटक्यात सगळं जमलेलं दाखवतात. आमचे हे अडले की अडलेलेच बसत, सगळ्यांसमोर. प्रोग्राम चालत नाही, पडद्यावर लाल अक्षरं, आणि हे हनुवटी खाजवतायत. मी एकदा म्हटलं, "अहो, तेवढं काढून का नाही टाकत? लोकांपुढे हसं होतं." त्यावर त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. म्हणाले, "चूक कापली की शिकणाऱ्याला वाटतं, फक्त आपल्यालाच चुकतं."

एरवी घरात ह्यांचं बोलणं म्हणजे 'हं'. जेवायला वाढू का? हं. भाऊजी येऊन गेले. हं. नवीन कापड आणलंय, रंग बरा आहे का? हं. दाराच्या पलीकडे मात्र सगळ्या जगाशी तासन्‌तास गप्पा. जिव्हाळ्याने, समजावून, पुन्हा पुन्हा. मी अलीकडे मशीनवर बसून ऐकायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शब्द नाही ऐकायची, नुसता आवाज ऐकायची. शब्द ऐकायला मी कोण? त्यामुळे ह्यांचा एकही धडा मी कधी पाहिला नाही. फोनवर बोट ठेवलं की दिसला असता. नाही ठेवलं.

आमच्या दोन खोल्यांमधलं दार बंद होत नाही. माझं कापडाचं कपाट मध्ये येतं. त्यामुळे ह्यांच्या धड्यात माझ्या मशीनची खडखड, नळ, भांडी, सगळं यायचं. आणि मी यायची. कारण ह्यांच्या टाइप करण्याचा आवाज थांबला की मला कळायचं, अडले. थोडा वेळ मी वाट बघायची. मग काय व्हायचं, हे दगडासारखे बसून राहायचे. पाणी नाही, हालचाल नाही, त्याच एका ओळीकडे बघत. एकदा असेच दुपारभर बसले आणि उठले तेव्हा पाठ धरली, दोन दिवस वाकून चालत होते. तेव्हापासून मी ठरवलं. टाइप करायचं थांबलं की मी आतून ओरडायची, "अहो, दूध बघा जरा!"

दूध बहुतेक वेळा गॅसवर नसायचंच. ते सकाळी तापवून झाकून ठेवलेलं असायचं. पण 'जरा उठून फिरून या' म्हटलं असतं तर हे उठले नसते. दुधाला उठायचे. स्वयंपाकघरात यायचे, मी म्हणायची, "उतरवलं मी." हे म्हणायचे, "हं." सोबत आणलेल्या ग्लासातलं घोटभर पाणी प्यायचे, परत जायचे, आणि बसायच्या आत टकटक सुरू. मला वाटायचं, किती साधा माणूस आहे, रोज फसतो.

तर हे असे. आणि मग एका दुपारी बसच्या थांब्यावर उभे असताना छातीत कळ आली आणि गेले. मी पोहोचेपर्यंत दवाखान्यात सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर जो फोनचा मारा सुरू झाला, त्याने माझा जीव खाल्ला. ओळख ना पाळख, माणसं फोनवर हुंदके देत. "सरांमुळे उभा राहिलो." "सर गेले यावर विश्वास बसत नाही." विश्वास बसत नाही म्हणे! माझा बसलाय, तुमचा बसायला काय झालं? मी रडायचं की तुमचे डोळे पुसायचे? शेवटी मी फोन उचलायचं सोडलं. आणि अशातच संचालक गुच्छ घेऊन आले.

"सरांचे सगळे धडे आम्ही नव्या, देखण्या रूपात आणणार आहोत," ते म्हणाले. "मोठा समारंभ करू. कळ तुमच्या हस्ते दाबायची."

"दादाच्या कपाटातली डिस्क मी परवाच देऊन टाकली साहेबांना," दीर म्हणाले.

मला न विचारता. पण त्या दिवशी माझ्या अंगात भांडायचं बळ नव्हतं. "करा काय करायचं ते," मी म्हणाले आणि मशीन सुरू केलं, म्हणजे जातील. गेले.

दुसऱ्याच आठवड्यात एक बाई दारात उभी राहिली. तिशीची असेल, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये ती पावत्या फाडायची, ह्यांच्याकडून शिकली, आणि आता त्याच धंद्यातल्या मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. मी तिला अजून गॅरेजवालीच म्हणते. कोण पाहिजे, असं मी विचारलं तशी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"तुम्ही दूधवाल्या बाई ना?"

"कोण दूधवाली? मी शिवणकाम करते," मी म्हणाले. अंगावरच गेले तिच्या.

"नाही हो काकू, म्हणजे 'अहो, दूध बघा जरा'! तुम्हीच ना त्या? आवाजावरून ओळखलं." मग ती घडाघडा सांगायला लागली. तिच्या ऑफिसात कुणी अडलं, चूक सापडेना, की तो खुर्चीतून उठतो आणि म्हणतो, "दूध बघून येतो." सगळ्यांना कळतं. दोन मिनिटं खिडकीशी उभं राहायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. "आमचे परदेशातले लोकसुद्धा म्हणतात काकू. त्यांना दूध म्हणजे काय ते माहीत नाही, पण म्हणतात."

मी तिला पाणी दिलं. राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. ती गेल्यावर मी दाराला कडी लावली, फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा संस्थेचं पान उघडलं. म्हटलं बघू तरी, आपण काय ओरडतो आणि हे काय म्हणतात. कारण ह्यांच्या तोंडून माझ्याशी निघालेला शब्द मला आता जगात दुसरीकडे कुठे मिळणार होता? आमच्याकडे लग्नाचा साधा व्हिडिओ नाही. ह्यांचा आवाज आणि माझा आवाज एकत्र जर कुठे असेल, तर तो तिथेच होता.

पानावर ह्यांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'सरांचे धडे लवकरच नव्या स्वरूपात.' एकही धडा उघडत नव्हता.

मी चपला घातल्या आणि संस्थेत गेले. संचालकांच्या केबिनबाहेर बसवून ठेवायला लागले तेव्हा मी बसले नाही, सरळ आत शिरले. दीर आधीच तिथे चहा पीत बसले होते. संचालकांनी कॅमेरेवाल्याला बोलावलं आणि त्याने मोठ्या हौसेने मला दाखवलं, धडा आधी कसा होता आणि आता कसा केला. 'आधी'चा तुकडा त्याने निमिषभर वाजवला, नुसती मशीनची खडखड, आणि बंद केला. मग 'आता'चा. ह्यांचा आवाज घासूनपुसून चकचकीत केलेला, मागे मंद संगीत.

"अडखळणं, गप्प बसणं, खोकला, सगळं काढलंय," तो म्हणाला. "आणि एकूण एक घरगुती आवाज काढलाय."

"घरगुती आवाज म्हणजे मी," मी म्हणाले.

तो गोरामोरा झाला. दीर मध्ये पडले. "वहिनी, तुमच्याच भल्याचं आहे. लोक हसायचे. दादा शिकवतोय आणि मागून तुम्ही खेकसताय. आता नाव राहणार आहे त्याचं, ते नीट राहू दे."

"खेकसत होते तर ते माझ्या नवऱ्यावर. तुम्हाला का झोंबलं? साहेब, जुने धडे होते तसे परत लावा."

"बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." संचालकांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "ती संस्थेची मालमत्ता आहे. जुन्या प्रती आम्ही कपाटात ठेवू, पण लोकांपुढे संस्थेच्या दर्जाचंच जाईल. त्या रूपात ते धडे, स्पष्टच सांगतो, लाजिरवाणे होते."

"मग इतकी वर्षं लाजिरवाणे धडे दाखवून संस्था मोठी कशी झाली?"

"समारंभाला या," एवढंच संचालक म्हणाले, आणि पुढचा फोन लावला. दीर मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, शोभत नाही हे तुम्हाला. मी म्हणाले, भाऊजी, तुमचा चहा गार होतोय.

घरी येऊन गॅरेजवालीला फोन केला. ती चिडली, माझ्याहून चिडली. म्हणाली, माझ्याकडे थोडे धडे उतरवून ठेवलेत, इतरांकडेही असतील काही, पण सगळे कुणाकडेच नाहीत. सगळे फक्त त्यांच्याच कपाटात. "जे आहेत त्यातला एक फोनवर ऐकवू का, काकू?"

"नको," मी म्हणाले. माझ्याच घरातला आवाज कुणाकडून उसना ऐकायचा नव्हता मला. माझा होता तो, सगळाच्या सगळा परत हवा होता. समारंभात कळ माझ्या हस्ते दाबणार होते ना? मी ठरवलं, कळ दाबायची नाही, तिथेच मागायचं, चारचौघांत. नाही म्हणाले तर त्या कार्यक्रमाचा विचका झाला तरी बेहत्तर.

समारंभ संस्थेच्या मोठ्या सभागृहात होता. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी दीर, नवा कोट घालून. मागे ह्यांची माणसं खच्चून भरलेली. संचालकांना एक कल्पना सुचली होती, ती त्यांनी स्वतःच व्यासपीठावरून सांगितली. सगळ्यांनी आपापले लॅपटॉप आणायचे, सरांचा एक धडा पडद्यावर लावायचा, आणि सरांच्या बरोबरीने सगळ्यांनी तो करायचा. कळ दाबायचं त्यानंतर. एक अनोखी आदरांजली. बातमीदारही बोलावले होते. मग कितीतरी वेळ स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल बोलले, की घरबसल्या धडे रेकॉर्ड करायची कल्पना मुळात माझी. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

दिवे मंदावले आणि पडद्यावर आमचे हे आले. तोच निळा शर्ट, कॉलर मीच उलटून शिवलेली. धडा गॅरेजमधल्या गाड्या मोजण्याचा होता. गाड्यांची यादी द्यायची आणि प्रोग्रामने सांगायचं, दुरुस्तीला किती उभ्या आहेत. हे बोलत होते, मागे संगीत वाजत होतं, आणि सभागृहभर टकटक टकटक चाललं होतं. मध्येच ह्यांच्या हाताजवळचा पाण्याचा भरलेला ग्लास एकदम अर्धा झाला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, माझ्या आलं. मी गेले तिथून. मला कापलं होतं, ते तिथे.

पडद्यावर उत्तर आलं. सात गाड्या. हे समाधानाने म्हणाले, "बरोबर."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सगळ्यांच्या लॅपटॉपवर सहा येत होते. एकाच्या नाही, सगळ्यांच्या. यादीतली शेवटची गाडी मोजलीच जात नव्हती. लोक एकमेकांच्या लॅपटॉपमध्ये डोकावायला लागले. संचालकांनी दिवे लावायला सांगितले. कॅमेरेवाला घाम पुसत आला आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलला. संचालक हसले, माइक जवळ ओढला.

"मूळ धड्यातच काही त्रुटी राहून गेलेली दिसते," ते म्हणाले. "सरांचं वय झालं होतं. त्यांची तळमळ महत्त्वाची. आपण ते समजून घेऊ."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले. दिरांनी माझा हात धरला, मी तो झटकला. पायऱ्या चढून वर गेले आणि संचालकांसमोरचा माइक उचलला. तो जड होता, आणि त्याची वायर त्यांच्या फुलांच्या हारात अडकली, तो हार खाली पडला. पडू दे.

"मेलेल्या माणसावर ढकलता?" मी म्हणाले. माझा आवाज सगळ्या सभागृहात घुमला आणि मला स्वतःलाच दचकायला झालं. "हात तुम्ही लावलात, कापाकापी तुम्ही केलीत, आणि चूक ह्यांची?"

मागून गॅरेजवाली उभी राहिली. तिला माइक लागला नाही. "साहेब, चूक सरांनी केली होती, आणि सुधारलीही होती! सर उठून गेले, परत आले आणि उभ्या उभ्याच ती ओळ दुरुस्त केली, न बोलता. तुम्ही सर गप्प असलेलं सगळं कापलंत. चुकीचं लिहिलेलं ठेवलंत आणि दुरुस्ती फेकून दिलीत. आता हा धडा जन्मभर चुकीचंच शिकवणार."

"दूध कापलं!" कुणीतरी ओरडलं. आणि सगळीकडून तेच सुरू झालं, दूध कापलं, दूध कापलं. बातमीदार एकमेकांना विचारत होते, कसलं दूध? संचालक हात वर करून शांत राहा, शांत राहा म्हणत होते. कुणी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

"ह्या माणसाला तुम्ही वर्गातून काढलंत," मी संचालकांना म्हणाले, माइकवरच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "स्पंजाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाहीत. आता जिभेवर सर, सर. मला तुमचं स्मारक नको. जेवढे धडे आहेत तेवढे सगळे, खोकल्यासकट, मशीनसकट, माझ्यासकट, होते तसे परत लावा. इथे कबूल करा. नाहीतर आज मी इथून हलत नाही आणि हा माइकही सोडत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सभागृहाकडे पाहिलं. तिथे सगळी माणसं उभी होती, लॅपटॉप छातीशी धरून, आणि एकाचाही चेहरा बरा नव्हता. बातमीदारांचे फोन वर आले होते.

"लावू," संचालक म्हणाले. "लावू. उद्याच." त्यांच्या तोंडावर कडू औषध प्यायल्यासारखं होतं आणि मला त्याचं भारी बरं वाटलं.

गॅरेजवाली तिचा लॅपटॉप घेऊन वर आली होती. हाच धडा तिच्याकडे होता, न कापलेला. तिने कुणाची परवानगी घेतली नाही. कॅमेरेवाल्याच्या हातातली वायर काढून आपल्याला जोडली, आणि पडद्यावर पुन्हा आमचे हे आले. संगीत नव्हतं. माझी मशीन खडखडत होती. गॅरेजवालीने धडा पुढे सरकवला, जिथे ह्यांच्या पडद्यावर सहा येतं तिथपर्यंत. हे गप्प झाले. हनुवटी खाजवली. पडद्यावर मशीनची खडखड थांबली.

"अहो, दूध बघा जरा! बहिरे झालात का?"

माझा आवाज इतका करडा आहे हे मला ठाऊक नव्हतं. सगळे हसले. मायेने हसले, पण मला कानकोंडं झालं. पडद्यावर हे हसले नाहीत. खुर्ची मागे सरकवली, मग थांबले आणि आपल्या माणसांकडे बघत हळू आवाजात म्हणाले, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू,

"आज दूध आलेलंच नाहीये. दूधवाल्याची सुट्टी आहे. पण मी अडलो की तिला तिकडे कळतं. कसं कळतं ते मला माहीत नाही. तिने हाक मारली की मी उठतो, आणि परत येईपर्यंत चूक सापडते. तुम्हाला घरात कुणी अशी हाक मारत असेल तर उठत जा. वाद घालू नका."

आणि उठून गेले. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली. आतून, लांबून, माझा आवाज आला, "उतरवलं मी." आणि ह्यांचा, "हं."

लोक टाळ्या वाजवत होते की रडत होते ते मला दिसत नव्हतं. मला राग आला होता, इतका की आयुष्यात तेवढा कधी संचालकांचासुद्धा आला नव्हता. माइक अजून माझ्या हातात होता. मी पडद्याकडे वळले.

"सगळं ठाऊक होतं ना तुम्हाला?" मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "मग मला का नाही सांगितलंत? जगभर सांगत सुटलात, आणि माझ्याजवळ आलात तेव्हा नुसतं 'हं'? मी तिथेच होते हो, चार पावलांवर. मला एकदा सांगायला काय झालं होतं? तोंड दुखलं असतं?"

आता कुणी हसत नव्हतं. पडद्यावर हे परत आले, खुर्चीत न बसता वाकले, एक ओळ दुरुस्त केली. सात आले. "सापडली," ते म्हणाले. तेही त्यांनाच, मला नाही. गॅरेजवालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच माइक काढून घेतला, कारण मी अजून बोलतच होते.